कोल्हापूर २०२५ : प्रश्न आपल्या दारचे, निकाल परगावचे

२०२५ सालातले जून, जुलै आणि ऑगस्ट हे तीन महिने कोल्हापूरचे नाव सतत बातम्यांत राहिले. २२ जूनला इटलीतल्या मिलान शहरात प्राडा या कंपनीचे मॉडेल थेट कोल्हापुरीच्या घाटाची चप्पल घालून रॅम्पवर उतरले. ११ जुलैला पॅरिसमध्ये युनेस्कोच्या बैठकीत पन्हाळ्याचे नाव जागतिक वारशाच्या यादीत लागले. २८ जुलैला दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाने नांदणी मठाची याचिका फेटाळली आणि त्याच रात्री मठाची हत्तीण गुजरातच्या वाटेला लागली. १७ ऑगस्टला तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचचे उद्घाटन झाले.

त्या त्या वेळी या घटना सुट्या सुट्या वाटल्या. वर्ष संपताना त्या शेजारी शेजारी ठेवल्या, की एक गोष्ट ठळक दिसते. चप्पल आपली, गड आपला, हत्तीण आपल्या गावची, दावे आपल्या लोकांचे. पण त्यांचा निकाल मिलान, पॅरिस, दिल्ली, मुंबई, बंगळुरू अशा कुठल्या तरी दूरच्या गावी लागत होता. म्हणून या वर्षाकडे बघताना मी एकच कसोटी लावली आहे. ज्याचा प्रश्न आहे, त्याला कुणी विचारले का?

या कसोटीला पुरी उतरलेली वर्षातली घटना एकच, ती म्हणजे सर्किट बेंच.

उच्च न्यायालयात दावा असलेल्या माणसाला मुंबई किती लांब पडते, हे चंदगड, आजरा, सावंतवाडी, मंगळवेढा या भागांतल्या लोकांना विचारावे. दोन गुंठ्यांच्या बांधाचा वाद जिल्हा न्यायालयात संपत नाही, सेकंड अपिलात जातो. मग रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस, सकाळी मुंबई, फोर्टमधल्या वकिलाच्या ऑफिसबाहेरचे बाकडे, आणि दुपारी कळते की आज आपले प्रकरण बोर्डावर चढलेच नाही. पुन्हा रात्रीची गाडी. वकिलाची फी निराळी, जाण्यायेण्याचा आणि राहण्याचा खर्च निराळा, बुडालेली मजुरी कुणी मोजतच नाही. कित्येकांनी हा हिशेब करून अपील करायचेच सोडून दिले. निकाल पटला म्हणून नव्हे, मुंबई परवडली नाही म्हणून. मला या मागणीतले सगळ्यात मोठे कारण हेच वाटत आले आहे. शहराचा मान, जुने वैभव ही कारणे त्यानंतरची.

अर्थात जुने वैभव होते. संस्थानकाळात कोल्हापूरला स्वतःचे उच्च न्यायालय होते. १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि ते गेले. १९८० च्या दशकापासून वकिलांनी खंडपीठाची मागणी लावून धरली. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांच्या बार असोसिएशन एकत्र आल्या, कृती समिती झाली, कामकाजावर बहिष्कार पडले, मोर्चे निघाले, साखळी उपोषणे झाली. सरकारे बदलली, मुख्य न्यायमूर्ती बदलले, दर वेळी निवेदन नव्याने द्यावे लागले. सुरुवातीच्या मोर्च्यांत चालणारे तरुण वकील आज सत्तरीत आहेत आणि त्यांतले काही हा दिवस बघायला उरले नाहीत.

१ ऑगस्टला तेव्हाचे मुख्य न्यायमूर्ती आलोक आराधे यांची अधिसूचना निघाली आणि १८ ऑगस्टपासून सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत कामकाज सुरू झाले. मेरी वेदर मैदानावरच्या उद्घाटन सोहळ्याला सहाही जिल्ह्यांतून वकील आले. पहिल्या दिवशी इमारतीबाहेर काळे कोट आणि साधे पक्षकार अशी मिळून गर्दी होती. त्या पक्षकारांपैकी अनेकजण सकाळची एसटी धरून आले होते आणि संध्याकाळी आपापल्या घरी परत जाणार होते. चाळीस वर्षांच्या लढ्याचे फळ एवढे साधे आहे, आणि एवढे मोठे.

इथे एक कायद्याची गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवली पाहिजे, कारण पुढची लढाई तिथेच आहे. राज्य पुनर्रचना कायदा, १९५६ च्या कलम ५१ मध्ये दोन वाटा आहेत. पोटकलम २ प्रमाणे राष्ट्रपतींच्या आदेशाने कायमचे खंडपीठ होते. पोटकलम ३ प्रमाणे मुख्य न्यायमूर्ती राज्यपालांच्या मान्यतेने अन्य ठिकाणी न्यायमूर्ती बसवू शकतात. कोल्हापूरला मिळाले आहे ते पोटकलम ३ खालचे. म्हणजे राष्ट्रपतींच्या आदेशाने येणारे स्थैर्य त्याला अजून नाही. पण निराश होण्याचे कारण नाही. औरंगाबादला १९८१ साली याच पोटकलमाखाली न्यायमूर्ती बसू लागले होते, त्यालाही आव्हान दिले गेले, ते सर्वोच्च न्यायालयात टिकले नाही आणि १९८४ मध्ये तिथे कायमचे खंडपीठ झाले. कोल्हापूरच्या बेंचविरुद्धची याचिकाही डिसेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. तेव्हा वाट मळलेली आहे. शेंडा पार्क परिसरात कायमच्या इमारतीसाठी जागेचा विषय मार्गी लागणे, प्रकरणे झपाट्याने निकाली निघणे आणि सहा जिल्ह्यांची एकी टिकणे, या तीन गोष्टींवर कायमचे खंडपीठ अवलंबून राहील. त्यातली तिसरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. ही मागणी कोल्हापूरची एकट्याची म्हणून पुढे गेली असती, तर आणखी चाळीस वर्षे गेली असती.

आता चप्पल. इथे कसोटी लावली की उत्तर बरोबर उलटे येते.

कोल्हापुरी कशी होते, हे सुभाषनगर किंवा जवाहरनगरच्या गल्लीत उभे राहून बघण्यासारखे आहे. म्हशीचे कातडे बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात मुरवलेले असते. पूर्वी कातड्याचीच पिशवी शिवून त्यात हे पाणी भरून टांगत. रापीने तळ कापायचा, थरावर थर बसवायचा, आरीने भोके पाडून कडेने कातड्याच्याच वादीने शिवत जायचे. खिळा वापरायचा नाही. मग दोन्ही बाजूंचे कान, वरचा पट्टा, अंगठा आणि पट्ट्यावर बारीक वेणी. वेणीचे काम बहुतेक घरांत बायका करतात, स्वयंपाक आणि पोरे सांभाळून, उंबऱ्याशी उजेडात बसून. त्या कामाची मजुरी नगावर. कापशी, पुकरी, कचकडी, बक्कलनाळी, कुरुंदवाडी असे घाट आहेत आणि जाणकार माणूस लांबून बघून सांगतो की जोड कुठला. राजर्षी शाहू महाराजांनी ही चप्पल स्वतः वापरून या धंद्याला प्रतिष्ठा दिली. समाजाने ज्यांना गावाच्या कडेला ठेवले त्यांच्या हातची वस्तू राजाच्या पायात आली, याचा अर्थ त्या काळात फार मोठा होता.

प्राडाने जे दाखवले त्याला कंपनीने नुसते चामड्याचे सँडल म्हटले. कोल्हापूरचे नाव नाही, भारताचे नाव नाही. लाखाच्या घरातली किंमत ऐकून लोक भडकले. महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सचे अध्यक्ष ललित गांधी यांनी कंपनीला पत्र लिहिले, आणि भारतीय पारंपरिक पादत्राणांवरून आपल्याला हे सुचल्याचे प्राडाला मान्य करावे लागले. जुलैत कंपनीची माणसे कोल्हापुरात आली, कारागिरांची कामे बघून गेली. मुंबई उच्च न्यायालयातली जनहित याचिका मात्र टिकली नाही. न्यायालयाने विचारले ते योग्यच होते : भौगोलिक मानांकन ज्यांच्या नावे आहे, ते कुठे आहेत?

मानांकन आहे दोन सरकारी महामंडळांच्या नावे. महाराष्ट्राचे संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळ, म्हणजे लिडकॉम, आणि कर्नाटकचे लिडकर. २०१९ मध्ये हे मानांकन मिळाले तेव्हा त्यात आठ जिल्हे धरले गेले : कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि पलीकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. हे रास्तच आहे. अथणी आणि निपाणीच्या बाजूला पिढ्यान्‌पिढ्या ही चप्पल होते आहे, आणि सीमावादाची रेघ कातड्यावर ओढता येत नाही. पण मानांकन हे नावाचे संरक्षण आहे आणि ते भारताच्या हद्दीपुरते आहे. नाव न घेता नुसता घाट उचलणाऱ्या इटलीतल्या कंपनीला ते अडवू शकत नाही. एवढेच काय, महाद्वार रोडवर किंवा चप्पल लाईनमध्ये कोल्हापुरी म्हणून रेक्झिनचा जोड विकला जातो, त्यालाही ते आजवर अडवू शकलेले नाही. परदेशी कंपनीवर रागावण्याआधी आपण आपल्याच बाजाराकडे बघायला हवे, असे मला मनापासून वाटते. लिडकॉमने आता जोडावर क्यूआर कोड लावायला सुरुवात केली आहे, त्यातून कारागिराची माहिती मिळते. हे पाऊल चांगले आहे. गिऱ्हाईकाने तो कोड मागून बघितला, तरच ते चालेल.

डिसेंबरमध्ये प्राडाने लिडकॉम आणि लिडकरबरोबर सामंजस्य करार केला. महाराष्ट्र आणि कर्नाटकात सुमारे दोन हजार जोड तयार होणार, ते फेब्रुवारी २०२६ पासून प्राडाच्या जगभरातल्या चाळीस दुकानांत सुमारे आठशे युरोला विकले जाणार, कारागिरांना प्रशिक्षण मिळणार, असे त्यात ठरले. आठशे युरो म्हणजे आपल्या पैशात ऐंशी हजारांच्या वर. दोन हजार जोडांची विक्री सोळा कोटींच्या पुढे जाते. यातले किती रुपये रापी धरणाऱ्या हाताला आणि वेणी घालणाऱ्या बाईला मिळणार, हा आकडा करार जाहीर होताना कुठेही पुढे आला नाही. सही करणाऱ्यांत कंपनी होती, दोन्ही राज्यांची महामंडळे होती. सुभाषनगरची गल्ली नव्हती.

करार वाईट आहे असे मी म्हणत नाही. कोल्हापुरीचे नाव घेऊन ती जगात विकली जाणार, ही मोठी गोष्ट आहे, आणि जूनमधली ओरड झाली नसती तर ती झाली नसती. पण या धंद्याचे दुखणे मिलानमध्ये नव्हते. ते इथे आहे. कातडे महाग झाले, ते कमावण्याचे काम करायला नवी पोरे तयार नाहीत, व्यापारी ठरवील तो भाव. दिवसभर मान मोडून काम केल्यावर हाताशी येणारी रक्कम एखाद्या मॉलमधल्या वॉचमनच्या पगाराइतकीही नसेल, तर शिकला-सवरलेला मुलगा आरी कशाला धरील? प्रशिक्षण कारागिराला द्यायचे आहे की त्याच्याकडून घ्यायचे आहे, हेही एकदा ठरवावे लागेल. ज्यांच्या हातात ही विद्या आहे, त्यांना मास्तर म्हणून पगार मिळाला पाहिजे.

नांदणीच्या हत्तिणीबद्दल लिहिताना हात जड होतो, कारण दोन्ही बाजूंनी खरे होते.

शिरोळ तालुक्यातल्या नांदणीच्या जैन मठाला मोठी परंपरा आहे. सातशेहून अधिक गावे या मठाला मानतात. महादेवी, लोकांची माधुरी, १९९२ पासून मठात होती. तीन पिढ्यांची मुले तिच्या सोंडेला हात लावून मोठी झाली. दुसरीकडे, उच्चाधिकार समितीसमोर तिच्या पायांच्या जखमा, वाढलेली नखे, एकटेपणाने सतत डोके हलवत राहणे यांच्या नोंदी आल्या. पेटा या प्राणिहक्क संघटनेची तक्रार होती. १६ जुलैला मुंबई उच्च न्यायालयाने तिला जामनगरच्या वनतारा या रिलायन्सशी जोडलेल्या केंद्रात हलवण्याचा आदेश कायम ठेवला आणि माणसांच्या धार्मिक वापरापेक्षा तिचे चांगले जगणे वरचे मानले. २८ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने तेच म्हटले. त्या रात्री नांदणीत मिरवणूक निघाली, बायका-माणसे रडली, दगडफेकही झाली.

पुढच्या आठवड्यात जे घडले ते या जिल्ह्याच्या स्वभावाला धरून होते. दोन लाखांहून अधिक सह्या झाल्या. मोबाइलची सिमकार्डे बदलून लोकांनी रिलायन्सवर राग काढला. ३ ऑगस्टला शेतकरी नेते राजू शेट्टी यांच्या पुढाकाराने नांदणी ते कोल्हापूर अशी मूक पदयात्रा निघाली. त्यात जैन होते, मराठे होते, मुसलमान होते, दलित होते. ५ ऑगस्टला मुख्यमंत्र्यांनी बैठक घेतली आणि लगोलग वनताराने जाहीर केले की हत्तिणीला परत आणण्याच्या राज्याच्या अर्जाला आपण साथ देऊ आणि नांदणीजवळ तिच्यासाठी पुनर्वसन केंद्र उभे करायला मदत करू. न्यायालयात जे मिळाले नाही, ते रस्त्यावरच्या शांत चालण्याने निदान चर्चेत आले.

तरी मला एक गोष्ट खटकते. हाच निश्चय, हाच पैसा, हीच माणसे चार वर्षे आधी उभी राहिली असती, पाण्याचे डबके, मऊ माती, फिरायला मोकळी जागा आणि नियमाने येणारा जनावरांचा डॉक्टर एवढी सोय नांदणीतच झाली असती, तर प्रकरण जामनगरपर्यंत गेलेच नसते. न्यायालयाला प्रेमाची प्रत जोडता येत नाही, डॉक्टरांच्या नोंदींची जोडता येते. वर्ष संपताना माधुरी जामनगरलाच होती. ती परत यावी असे ज्यांना वाटते, त्यांनी आधी तिच्यासाठीची जागा उभी करावी. आजारी जनावराला सिमेंटच्या फरशीवर परत आणणे हे प्रेम ठरणार नाही.

पन्हाळ्याची गोष्ट यापेक्षा आनंदाची. युनेस्कोने मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून जे बारा किल्ले घेतले, त्यांत महाराष्ट्रातले अकरा आणि तमिळनाडूतला जिंजी. कोल्हापूर जिल्ह्याच्या वाट्याला पन्हाळा आला. शिलाहार भोजाचा हा गड, पुढे सिद्दी जौहरच्या वेढ्याचा, १६६० च्या पावसाळी रात्री शिवाजी महाराज विशाळगडाकडे निघाले तो, आणि कोल्हापूर गादीची आधीची राजधानी. तीन दरवाजा, अंबरखाना, अंधारबाव, सज्जाकोठी ही नावे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतात. पण पन्हाळा इतर अकरांहून फार वेगळा आहे, कारण गडावर नगरपालिका आहे, शाळा आहेत, दवाखाना आहे, पिढ्यान्‌पिढ्या राहणारी घरे आहेत. यादीत नाव लागण्याआधीच तिथल्या लोकांनी विरोधाचा सूर काढला होता. घराला खोली वाढवता येईल का, दुकान राहील का, उद्या आम्हाला उठवणार का, असे त्यांचे प्रश्न होते. ते प्रश्न सुद्धा वारशाचाच भाग आहेत. प्रशासनाने कुणालाही हलवणार नाही असे सांगितले आहे. ते तोंडी न ठेवता व्यवस्थापन आराखड्यात मराठीत लिहून नगरपालिकेच्या फलकावर लावावे. जुलै २०२१ च्या पावसात गडावर जाणारा मुख्य रस्ताच खचला होता आणि पन्हाळकर कित्येक दिवस अडकून पडले होते, हे युनेस्कोच्या फलकासमोर फोटो काढणाऱ्यांनी विसरू नये. गड आधी पावसात टिकला पाहिजे.

मे महिन्यात चौंडीला झालेल्या मंत्रिमंडळ बैठकीत अंबाबाई मंदिर परिसराचा १,४४५ कोटींचा आणि जोतिबाचा २५९ कोटींचा आराखडा मंजूर झाला. रक्कम प्रचंड आहे, पण प्रश्न पन्हाळ्यासारखाच. मंदिराभोवतीच्या जुन्या पेठेतले रहिवासी आणि दुकानदार यांचे पुनर्वसन कसे होणार यावर तिचे यश ठरेल.

बाकी वर्षभर जिल्हा रस्त्यावर होता, आणि ते नेहमीच्याच दोन कारणांसाठी, जमीन आणि पाणी.

नागपूर–गोवा शक्तिपीठ महामार्ग ८०२ किलोमीटरचा, बारा जिल्ह्यांतून जाणारा. आपल्या जिल्ह्यात तो शिरोळ, हातकणंगले, करवीर, कागल, भुदरगड, आजरा या तालुक्यांतल्या बागायतीतून येणार होता. विधानसभेच्या तोंडावर २०२४ मध्ये कोल्हापूर वगळल्याचे जाहीर झाले. २४ जून २०२५ ला मंत्रिमंडळाने २०,७८७ कोटींची तरतूद मान्य केली आणि विषय पुन्हा पेटला. १ जुलैला, कृषी दिनी, शेतकऱ्यांनी शिरोलीजवळ पुणे–बंगळूर महामार्ग अडवला. डिसेंबरअखेर सरकार मार्ग बदलण्याची भाषा करत होते. उसाच्या आणि भाताच्या काळ्या जमिनीत भराव टाकून रस्ता उभा केला, की पुराचे पाणी कुठे जाणार, याचे उत्तर अजून कुणी दिलेले नाही. २०१९ आणि २०२१ चे महापूर पाहिलेल्या माणसाला हा प्रश्न पटवून द्यावा लागत नाही.

पुराचाच दुसरा धागा अलमट्टीचा. धरणाची पातळी ५१९.६० वरून ५२४.२५६ मीटरवर नेण्याचा कर्नाटकचा निर्धार आहे. मे महिन्यात अंकलीच्या पुलावर सर्वपक्षीय चक्काजाम झाला, मुख्यमंत्र्यांनी कर्नाटकाला पत्र लिहिले. सप्टेंबरात कर्नाटकच्या मंत्रिमंडळाने बुडिताखालच्या जमिनीला बागायतीस एकरी चाळीस लाख आणि जिरायतीस तीस लाख भरपाई ठरवली. म्हणजे ते थांबणार नाहीत. २०१९ च्या पुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीने अलमट्टीला मुख्य कारण मानले नव्हते, हे खरे. पण पंचगंगा, कृष्णा, वारणा यांच्या काठच्या गावांची भीती एका अहवालाने जात नाही. पाण्याचा अभ्यास महाराष्ट्राने स्वतः, ताज्या आकड्यांनिशी, लवादापुढे मांडला पाहिजे. पुलावर बसलेल्या शेतकऱ्याचे काम पुलावर बसण्याचे आहे, आकडे मांडण्याचे काम जलसंपदा विभागाचे.

उसात शेतकऱ्याने न्यायालयातून एक मोठी गोष्ट मिळवली. एफआरपी, म्हणजे उसाचा किमान रास्त दर, दोन टप्प्यांत देण्याचा २०२२ चा राज्याचा आदेश मार्चमध्ये उच्च न्यायालयाने रद्द केला. ही याचिका राजू शेट्टींची होती. फेब्रुवारीत बेळगावजवळ बसवाहकाला झालेल्या मारहाणीवरून दोन्ही राज्यांच्या एसटी काही दिवस बंद राहिल्या. बेळगाव कोल्हापूरपेक्षा जवळ असलेल्या चंदगडच्या रुग्णांना आणि विद्यार्थ्यांना त्याचा फटका बसला. नोव्हेंबरात ताडोबाची वाघीण चांदोलीत आणून सोडली गेली. सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आपल्या जिल्ह्याचेही जंगल येते, म्हणून ही बातमी आपलीही.

वर्षातली एक हानीही नोंदवायला हवी. २० मे रोजी खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर गेले. १९ जुलै १९३८ ला त्यांचा जन्म कोल्हापुरात झाला होता. आईकडून ते इथल्या हुजूरबाजार घराण्याचे. आयुष्य बनारस, केंब्रिज, मुंबई, पुणे इथे गेले तरी मराठीत विज्ञानकथा लिहून त्यांनी इथल्या पोरांना आकाशाकडे बघायला लावले. त्यांच्या जन्मगावी त्यांच्या नावाची एक चांगली दुर्बीण आणि ती दाखवणारा एक शिक्षक असावा, एवढी मागणी मी इथे नोंदवतो.

शेवटी शहराचा कारभार. वर्षभर आपण मिलानला जाब विचारला, दिल्लीला विचारला, बंगळुरूला विचारला. पण रंकाळ्याचे पाणी, कचऱ्याचे ढीग, पंचगंगेत मिसळणारे नाले, रस्त्यांवरचे खड्डे याबद्दल कुणाला विचारायचे? कोल्हापूर महापालिकेची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली. तेव्हापासून पाच वर्षे शहरात एकही निवडून आलेला नगरसेवक नव्हता, प्रशासक कारभार करत होता. जिल्हा परिषदेवर २०२२ पासून तेच होते. १९७२ ला महापालिका झाल्यापासून शहराची हद्द वाढलेली नाही, आणि तो वाद मांडायला सभागृहच नव्हते. राजर्षी शाहूंच्या शहरात, जिथे सामान्य माणसाला कारभारात वाटा देण्याची सुरुवात झाली, तिथे पाच वर्षे सामान्य माणसाला वॉर्डातला एक हक्काचा माणूस नसावा, ही मला या वर्षातली सगळ्यात गंभीर गोष्ट वाटते. ती बातमी झाली नाही, कारण ती रोजचीच होती. सर्वोच्च न्यायालयाने मे महिन्यात आदेश दिला, मग मुदत वाढवून ३१ जानेवारी २०२६ केली, तेव्हा कुठे निवडणूक लागली.

मतदान १५ जानेवारी २०२६ ला ठरले. एक्याऐंशी जागा होत्या, बहुतेक प्रभाग चार जणांचे. निवडणूक कुठलीही असो, दारात येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला विचारा : पंचगंगेत जाणारा आपल्या प्रभागातला नाला कधी बंद होणार, हद्दवाढीला तुमचा होकार की नकार, आणि पूररेषेत नव्या बांधकामाला तुम्ही मत देणार का. उत्तर लिहून घ्या, तारीख घाला, जपून ठेवा. आणि मतदानाच्या दिवशी सकाळी लवकर जाऊन मत टाका.